जप्त मालातले साहेब

आमच्या साहेबांची डावी भुवई एका सोमवारी नाहीशी झाली. मी केबिनमध्ये सही घ्यायला गेले, तर साहेब फाइल वाचत बसलेले. उजवी भुवई जागेवर होती आणि डावीच्या जागी नुसती तांबूस कातडी. मी फाइल पुढे सरकवली आणि पंख्याकडे बघत उभी राहिले. माझी नोकरी कंत्राटी. वरिष्ठांच्या चेहऱ्यावर काय आहे आणि काय नाही, हे कंत्राटी माणसाने बघायचं नसतं.

"ब्यूटी पार्लरचा कोर्स," साहेब स्वतःच म्हणाले. "शनिवारी थ्रेडिंगचं प्रात्यक्षिक होतं. शिकणाऱ्या बाईंना सरावाला चेहरा मिळेना. मी दिला."

"मग सर, दुसरी पण..."

"त्या म्हणत होत्या, दोन्ही सारख्या करून देते. मी म्हटलं, राहू द्या. एक योजनेच्या आधीची, एक नंतरची. तुलनेला बरं."

एवढं बोलून त्यांनी सही केली आणि मला फाइल परत दिली.

मी तेव्हा शहरातली गरिबी कमी करणाऱ्या कक्षात समूह संघटक होते. कक्षाचं नाव लांबलचक होतं आणि दर काही वर्षांनी ते बदलायचं. जुन्या पाटीवर पांढरा रंग मारून नवं नाव लिहिलं जायचं, पण पावसाळ्यात ओल आली की खालचं नाव वर दिसायला लागायचं. आम्ही वस्त्यांमध्ये जाऊन बायकांचे बचत गट बांधायचो, त्यांना प्रशिक्षणाला बसवायचो आणि प्रमाणपत्रं वाटायचो. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं असायचं, मग एक दिवस खंड आणि पुन्हा अकरा महिने. ऐरोलीतली गरिबी संपली असती तर सर्वांत आधी माझी नोकरी गेली असती. तशी भीती मात्र ऑफिसात कोणाला नव्हती.

साहेब आमच्याकडे बदलीवर आले होते. त्याआधी ते पाणीपुरवठ्यात होते, त्याआधी उद्यानात आणि त्याच्याही आधी स्मशानभूमी विभागात. "तिथे फार बरं होतं," ते म्हणायचे. "एकही लाभार्थी परत तक्रार घेऊन आला नाही." मूळचे संगमेश्वरकडचे. उंच, किडकिडीत. शर्टाची एक बाही दुमडलेली आणि एक सुटलेली. आवाज इतका हळू की ते चिडलेत हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं.

त्यांचा नियम एकच होता. गरिबाला जे द्यायचं ते आधी आपण घेऊन बघायचं. हा नियम त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण पहिल्या बैठकीत प्रत्येक साहेब काही ना काही सांगतोच. पण हे साहेब खरंच शिवणवर्गात जाऊन बसले. समाजमंदिरातल्या हॉलमध्ये पंधरा-वीस बायका आणि शेवटच्या मशीनवर आमचे साहेब, गुडघे मशीनच्या खाली न मावल्यामुळे तिरके बसलेले. त्यांनी एक फ्रॉक शिवला. त्याला डोकं घालायला जागा होती, पण एक हात बाहेर काढायची सोय राहून गेली होती. परीक्षेच्या दिवशी शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मॅडम, सरांना पास करते हो मी. ते ऐकतच नाहीत."

साहेब तिथेच उभे होते. "बाई, मला नापास करा. बाकीच्यांना करता तसं."

"सर, बाकीच्यांना आम्ही करतच नाही," बाई म्हणाल्या. "वरून सांगितलंय, शंभर टक्के निकाल पाहिजे."

साहेबांनी तो फ्रॉक उलटसुलट करून बघितला. "म्हणजे गेल्या वर्षी पास झालेल्यांनी असेच फ्रॉक शिवले?"

त्यानंतर साहेबांनी आपल्या नावाचं 'अनुत्तीर्ण' असं लिहिलेलं कागदपत्र मिळवलंच. आमच्या कक्षाच्या इतिहासातला तो पहिला नापास उमेदवार. त्यामुळे त्या तिमाहीचा निकाल शंभरावरून घसरला आणि वरून खुलासा मागवला गेला.

फिनाइल बनवण्याच्या कोर्सनंतर आमच्या मजल्यावर आठवडाभर कोणी डबा खाऊ शकलं नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला ते स्लिपर घालून, दाढी वाढवून रांगेत उभे राहायचे. तिथे कुणी ओळखत नसल्यामुळे त्यांनाही 'उद्या या' सांगितलं गेलं. उद्या गेले तर परवा. असं करता करता त्यांची हक्काची रजा संपत आली, तेव्हा ते मला म्हणाले, "योजना चांगली आहे हो. फक्त तिचा फायदा घ्यायला माणूस जरा सुखवस्तू पाहिजे."

'लाभार्थी' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारला की ते हात वर करायचे. "त्यातली 'अर्थी' म्हणजे हिंदीत तिरडी. बायकांना नावं आहेत, नावं घ्या."

नावं घ्यायची तर पहिलं नाव वनिताकाकींचं. त्या ऐरोलीच्या गावठाणातल्या, मूळच्या आगरी, आमच्या सगळ्या बचत गटांच्या अध्यक्षा. शहर वसवण्यासाठी सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा त्यांच्या सासऱ्यांची भातशेती गेली आणि कागदोपत्री हे कुटुंब भूमिहीन झालं. पुढे काकींनी राहत्या घरावर मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या, पण कागदावरचं भूमिहीन तसंच राहिलं. साहेबांनी पहिल्यांदा ती चार मजली इमारत पाहिली तेव्हा ते रस्त्यावर उभे राहून मान वर करून बघतच राहिले.

"काकी, तुम्ही आमच्या यादीत भूमिहीन आहात."

"मंग?" काकी वरच्या गॅलरीतून ओरडल्या. काकी साहेबांनाही अरे-तुरे करायच्या. एक तर त्या वयाने मोठ्या होत्या, आणि त्यांच्या बोलीत अहो-जाहोचं फारसं कौतुक नाही. "जमीन कोनी घेतली? तुज्या सरकारनीच ना? मंग भूमिहीन कोनी केली मना?"

साहेबांनी त्यांना तिथूनच हात जोडले. काकींचं नाव काढायचं की ठेवायचं यावर त्यांनी पुढे कधी शब्द काढला नाही.

दुसरं नाव सुमनचं. सुमन परभणीकडची. नवरा बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचा. परांचीवरून पडून पाठीला मार बसल्यापासून तो घरीच. दोन मुली शाळेत. काकींच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत भाड्याने राहायची आणि सेक्टरमधल्या सोसायट्यांत धुणीभांडी करायची. आम्ही तिला कागदी पिशव्यांचं प्रशिक्षण दिलं, मग मेणबत्त्यांचं, मग शोभेच्या पणत्यांचं. ती प्रत्येक वेळी यायची, खाली मान घालून शिकायची आणि प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायची. एकदा मी विचारलं, "सुमन, पिशव्या करतेस ना घरी?"

"करते की बाई. भरपूर झाल्या. त्याच्यात काय ठिवावं, ते समजंना."

दिवाळीच्या आधी एका आयटी पार्कच्या आवारात बचत गटांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. साहेबांनी सुमनच्या शेजारी खुर्ची टाकली आणि ओरडून पिशव्या विकायला बसले. आवाज मुळातच हळू, त्यामुळे ते ओरडतायत हे फक्त मला आणि सुमनला कळत होतं. गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं-मुली यायची, पिशव्या हातात घेऊन 'सो क्यूट' म्हणायची आणि परत ठेवायची. दुपारी सुमनने आपला डबा उघडला. ज्वारीची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा. त्या वासाने एक मुलगी थांबली. ती नांदेडची निघाली. "मावशी, विकता का?" तिने विचारलं, आणि तिचे डोळे बघून सुमनने अर्धी भाकरी तशीच काढून दिली. मुलीने ती उभ्याउभ्या खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती पाच-सहा जणांना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी सुमनने पिशव्या टेबलाखाली ठेवल्या आणि वर भाकरीचं टोपलं मांडलं.

साहेब त्या संध्याकाळी जाताना मला म्हणाले, "आपण तीन प्रशिक्षणं दिली. तुम्हाला काय येतं, हे एकदाही विचारलं नाही. आपल्या अर्जात तो प्रश्नच नाही."

मग त्यांनी सुमनसाठी हातगाडी मंजूर करून घेतली. आमच्याकडे तशी योजना होतीच. हिरवी गाडी, वर रंगीत छत्री आणि चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत 'स्वावलंबन'. एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या हस्ते गाडी दिली, हार घातला तोही गाडीलाच. सुमनने सोसायट्यांमधली कामं सोडली आणि आयटी पार्कच्या गेटसमोर, फुटपाथच्या कडेला गाडी लावली. दुपारी तिथे गर्दी व्हायला लागली. काही दिवसांनी तिने शेगडी मोठी घेतली. पुढे नवराही बसून कांदे चिरायला येऊ लागला. पाठ दुखायची, पण हात चालत होते. बुधवारी साहेब आणि मी तिथेच जेवायचो. साहेब रांगेत उभे राहायचे, अर्थात.

एका बुधवारी आम्ही जेवत असतानाच अतिक्रमण विभागाचा ट्रक आला.

मुकादम उतरला, त्याच्याबरोबर चार मजूर. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, पातेल्यात डोकावलं आणि म्हणाला, "मावशी, गाडी उचलायचीय. पन भूक लागलीय. आदी आमाला वाडा, मग उचलतो."

सुमनने त्यांना वाढलं. ते पाचही जण रस्त्याच्या कडेला बसून पोटभर जेवले. मुकादमाने रीतसर पैसेही दिले. "पिठलं एक नंबर हाय," तो म्हणाला आणि मजुरांना खूण केली.

साहेब हात धुऊन पुढे झाले. "अहो, गाडीवर काय लिहिलंय ते वाचा."

"वाचलं ना साहेब. स्वावलंबन. पन ते फुटपातवर हाय."

"ही गाडी आपल्याच ऑफिसने दिलीय."

"आमी पन आपल्याच ऑफिसचे," मुकादम नम्रपणे म्हणाला. त्याने त्याच्या साहेबांना फोन लावून आमच्या साहेबांच्या हातात दिला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"सर, तुमच्या विभागाचं काम गाडी देण्याचं," पलीकडचे साहेब शांतपणे सांगत होते. "आमच्या विभागाचं उचलण्याचं. आपण एकमेकांच्या कामात ढवळाढवळ नको करूया."

साहेबांनी फोन परत दिला. सुमनकडे बघितलं. ती पदराचं टोक दातात धरून पातेली उतरवत होती. एकेक पातेलं जमिनीवर ठेवताना ती झाकण नीट बसलंय ना ते बघत होती. तिचा नवरा चिरलेल्या कांद्याचं ताट घेऊन तसाच बसून राहिला होता. साहेबांनी शेगडी बंद केली, गाडीच्या चाकावर पाय ठेवला, आणि वर चढून फळीवर मांडी घालून बसले.

"उचला," ते म्हणाले.

मजूर मुकादमाकडे बघायला लागले. मुकादमाने डोकं खाजवलं. त्याला माणसांना उतरवायची सवय होती, पण ती माणसं शिव्या द्यायची, रडायची, पाया पडायची. भुवया सारख्या नसलेला एक अधिकारी 'उचला' म्हणतोय, हे त्याला नवीन होतं. शेवटी त्याने उचलायला सांगितलं. चौघांनी मिळून साहेबांसकट गाडी ट्रकमध्ये चढवली, बरीच सांभाळून. आयटी पार्कच्या गेटवर मोबाइल वर झाले. साहेबांनी एका हाताने छत्रीचा दांडा धरला होता. ट्रक ठाणे-बेलापूर रस्त्याला लागला, आणि आम्ही मागून रिक्षा पकडली. सुमनच्या मांडीवर पिठल्याचं पातेलं.

"बाई," ती थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं गाडी गेली. आता साहेब बी गेले."

जप्त माल ठेवण्याचं आवार शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. पत्र्याचं कुंपण, आत एक टेबल आणि टेबलामागे एक लिपिक. ट्रकमधून आधी छत्री, मग शेगडी, मग साहेब असलेली गाडी उतरली. लिपिकाने लिहायला घेतलं आणि पेन थांबवलं.

"साहेब, तुम्ही उतरा. मला नोंद करायचीय."

"माझीही करा."

"तुमची कशी करू? माल काय म्हणून लिहू?"

"सुटे भाग," साहेब म्हणाले.

मुकादम हसला, लिपिकही हसला. सुमनसुद्धा पदराआडून हसली. साहेब मात्र उतरले नाहीत. उन्हाचा चटका लागायला लागला तशी मजुरांनीच छत्री उघडून गाडीला लावून दिली. ऑफिसातून शिपाई तातडीच्या फाइली घेऊन आला, साहेबांनी त्या गाडीवर बसून सह्या करून परत पाठवल्या. एका स्थानिक चॅनेलचा पोरगा कॅमेरा घेऊन आला. त्याने विचारलं, "सर, तुम्ही उपोषण करताय का?"

"नाही हो. आत्ताच जेवलो. पोटभर."

मला वाटत होतं, हा प्रकार असाच गमतीत संपेल. वरून फोन येईल, गाडी सुटेल, आणि वर्षानुवर्षं ऑफिसात सांगायला एक किस्सा होईल. पण दुपार कलताना सुमन पाय मोकळे करायला आवारात आत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. मी गेले. माझ्या मागून, पहिल्यांदाच गाडीवरून उतरून, साहेब आले.

आतल्या बाजूला हातगाड्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काहींची चाकं गेलेली, काहींच्या फळ्यांमधून गवत वर आलेलं. पण रंग ओळखू येत होता. बऱ्याचशा हिरव्या होत्या. काहींवर 'स्वावलंबन' होतं, जुन्यांवर 'आत्मसन्मान', त्याहून जुन्यांवर आमच्या कक्षाचं आधीचं नाव. सुमन एका गाडीच्या फळीवर हात ठेवून उभी होती. फळीवर कोणीतरी खिळ्याने एक वेल कोरली होती.

"ही गंगूची," ती म्हणाली. "कणसं भाजायची. ही वेल तिच्या पोरीनं काढलेली. मला म्हणाली व्हती, गाडी मोडली म्हून गावाकडं चालले. मोडली न्हवती तर."

साहेब एकेका गाडीजवळून चालत गेले. कुठल्या वर्षी कुठली गाडी दिली होती ते त्यांना बोधवाक्यावरून कळत असावं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गमतीचा एवढासाही अंश त्यात नव्हता. टोकाला पोचल्यावर ते वळले.

"आपल्या सगळ्या गाड्या अशा एकत्र बघायला मिळतील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. नंतर लिपिकाच्या टेबलाजवळ जाऊन त्यांनी गाडीची नोंद करू दिली, आणि रिक्षा करून थेट वरिष्ठांकडे गेले.

वरिष्ठांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. दोन्ही विभागांत समन्वय नाही हे त्यांनाही पटलं, म्हणून त्यांनी समन्वय समिती नेमली. समितीत आमचे साहेब आणि अतिक्रमणचे साहेब. दोघांना एकाच दिवशी वेळ मिळेना म्हणून बैठक लांबत गेली. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण होईपर्यंत गाडी सोडता येणार नाही असं ठरलं. सुमन जुन्या सोसायट्यांमध्ये विचारून आली, पण तिथे दुसऱ्या बायका लागल्या होत्या. मोठी मुलगी शाळा सोडून मॉलमध्ये कामाला लागायचं म्हणायला लागली.

हे सांगायला साहेब एका सकाळी स्वतः गावठाणात गेले, मीही बरोबर होते. सुमन जिन्यात बसली होती, काकी ओट्यावर सुकट निवडत होत्या. साहेबांनी समितीबद्दल सांगितलं. सुमन "बरं साहेब" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये राग असता तरी बरं वाटलं असतं. साहेब तिथेच, तिच्या खालच्या पायरीवर बसले.

काकी तेवढ्यात कडाडल्या. "क रं सायबा, तू गारीवर बसून वरात काढलीस, टीवीवर आला. त्यानी हिच्या चुलीत काय परलं?"

"काही नाही काकी," साहेब म्हणाले. "खरं आहे."

"मंग बसलास काय तोंड पारून? हा वोटा माजा हाय. समोर तुजी ती कंपनी, पोरा दुपारची हितनंच जातान. हिला म्हन, हितं मांड चूल. माज्या दारान येऊन कोन उचलतंय ते बगतेच मी."

"काकी, भाडं?" सुमनने हळूच विचारलं.

"भाडा घेईन ना. सोरतंय कोन? पन आदी धंदा होऊ दे." मग सुकटीचं सूप तिच्यापुढे ढकलत म्हणाल्या, "आनि नुसता पिठला खाऊन मानूस जगत नाय. माजी सुकटीची चटनी पन ठेवायची."

अशा रीतीने शहरातल्या एका भूमिहीन बाईने दुसरीला जागा दिली. साहेबांनी हे वाक्य एका अहवालात लिहिलं होतं, ते मी टाइप केलं आणि वरून ते वगळून आलं.

धंदा चालला. ज्वारीची भाकरी, तांदळाची भाकरी, पिठलं आणि सुकट. आयटीतली मुलं बोळातून ओट्यापर्यंत यायला लागली. गंगूला सुमनने निरोप धाडला, ती गावाहून परत आली आणि भाकऱ्या थापायला लागली. मुलीने मॉलचं नाव काढणं बंद केलं.

वर्षभराने वरून एक पथक आलं, गरिबीतून बाहेर आलेली कुटुंबं प्रत्यक्ष बघायला. सुमनचं नाव यादीत पहिलं होतं. पथकाला फोटोत गाडी हवी होती, पण गाडी अजून जप्तच होती. म्हणून त्या दिवसापुरती आवारातून गाडी मागवली. ट्रक तोच, मुकादम तोच. त्याने गाडी ओट्यासमोर लावली, सुमन तिच्यामागे उभी राहिली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, आणि पथकातल्या एका मॅडमनी साहेबांना विचारलं, "या योजनेचा सर्वात महत्त्वाचा घटक कोणता वाटतो तुम्हाला?"

वरिष्ठ शेजारीच उभे होते. मी साहेबांकडे बघत मनात म्हणत होते, प्रशिक्षण म्हणा, बचत गट म्हणा, काहीही म्हणा.

"मॅडम, आम्ही दिलेली गाडी आम्हीच उचलून नेली, हा," साहेब नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. "ती तशीच राहिली असती, तर बाई अजून फुटपाथवरच असत्या. पण ही पद्धत सगळीकडे वापरा असं मी म्हणणार नाही. तिकडे जप्त मालाच्या आवारात बाकीच्या गाड्या आहेत, त्यांच्या मालकिणींना काकी भेटल्या नाहीत. चला, दाखवतो."

पथकाला विमान गाठायचं होतं. आवार बघायचं राहिलं. मुकादमाने गाडी पुन्हा ट्रकमध्ये चढवली आणि महिन्याच्या आत साहेबांची उरणला बदली झाली.

नवे साहेब आले. चांगले होते, लॅपटॉपवर आलेख दाखवायचे. त्यांच्या काळात एका दुपारी सुमन आमच्या ऑफिसात आली. नवी साडी, हातात स्टीलचा मोठा डबा. शिपायाने विचारलं, "काय काम आहे?"

"काम न्हाई."

"अर्ज आणलाय का?"

"अर्ज कशाला? भेटाया आले."

शिपाई गोंधळला. आमच्याकडे दाखल्याला, सहीला, तक्रारीला माणसं येतात. त्यांच्यासाठी बाहेर बाकडं आहे. नुसतं भेटायला आलेल्या बाईला कुठे बसवायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने तिला आत आणून माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मी उभी राहिले.

"साहेब कुठं असत्यात आता?" तिने विचारलं. "मोठी नर्सिंगला लागली. त्यास्नी सांगावं म्हनते."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी उरणच्या बसने गेलो. वाटेत कंटेनरच्या उतरंडी, गोदामं, मध्येच एखादं भाताचं खाचर. साहेबांचं ऑफिस एका जुन्या बैठ्या घरात होतं. रविवारीही ते तिथेच होते. भुवई पूर्ण आली होती, केस मात्र पांढरे झाले होते. सुमनला बघून ते उठून उभे राहिले, मुलीचं ऐकून दोनदा "वा, वा" म्हणाले, आणि डबा उघडून लगेच उभ्याउभ्याच भाकरीचा तुकडा मोडला.

टेबलावर सर्वेक्षणाचे कागद पसरले होते. इथल्या मिठागरांवरच्या आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची पाहणी करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. घरोघरी जाऊन विचारायचे प्रश्न वरून छापून आले होते.

"पहिल्याच प्रश्नाशी अडलोय," ते म्हणाले. "लोकांच्या दारात जाऊन तो विचारायला माझी जीभच वळत नाही. सुमनताई, तुमच्यावर करून बघू का? रागावू नका."

"इचारा की."

साहेबांनी कागद हातात घेतला, घसा साफ केला. "तुमचं कुटुंब गरीब आहे, असं तुम्हाला वाटतं का?"

सुमनने डब्याचं झाकण उचललं, पुसलं, परत ठेवलं. बाहेरून एक कंटेनरची गाडी घरघरत गेली, खिडकीची तावदानं हलली.

"ते मला बी नक्की सांगता यायचं न्हाई, साहेब," ती म्हणाली. "पन आता असं कुनी इचारलेलं आवडत न्हाई."

साहेबांनी कागद हळूच उलटा करून टेबलावर ठेवला. "माफ करा."

"माफी कशाला?" सुमन म्हणाली. "चहाचं इचारा ना. इतक्या लांबून आलोत."

साहेब लगबगीने उठले आणि दुधाचं पातेलं शोधायला आत गेले.